जुन्या टीव्हीचे कोपरे

४ फेब्रुवारी, बुधवार

आज टीव्हीनं आम्हाला हाकलून दिलं. खेळाचा चॅनल लावला तर निळ्या पडद्यावर पाटी : हा चॅनल यापुढे फक्त एचडीमध्ये दिसेल, कृपया आपला बॉक्स बदलावा. कृपया म्हणे! आधी तोंडावर दार आपटायचं आणि वर कृपया.

हे म्हणाले, "नवा टीव्हीच घेऊन टाकू या का?"

स्वतः सुतार माणूस आणि असा प्रश्न! भिंतीतलं कपाट ह्यांनीच या टीव्हीच्या मापानं केलंय. टीव्हीला पोट आहे ते पाठीकडून, म्हणून मागची फळीसुद्धा कापून घेतली. नवे टीव्ही ते रुंद आणि पापुद्र्यासारखे. त्या खणात आडवा शिरणार नाही, आणि उभा ठेवला तर आम्ही काय जमिनीवर कुशीला झोपून बघायचं? शिवाय याला काय धाड भरलीय? एक्स-रे विभागात दुहेरी पाळ्या करून आणला मी तो. मी रिटायर झाले, तो अजून झालेला नाही.

खेळाचा चॅनल ह्यांच्यासाठी हवा, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. ह्यांना खेळ आवडतात. सामना सुरू झाला की हे घोरायला लागतात, ती गोष्ट वेगळी.

बावीस तारखेला व्हॉलीबॉलची फायनल आहे. तिथे आमची मुलगी लाइन जज आहे, असं हे म्हणाले. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणे, "पेपरात होतं." लाइन जजची नावं पेपरात कधीपासून यायला लागली, कोण जाणे. मी तर पेपर पार शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते.

असो. मला त्याचं काही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लाइन जज म्हणजे काय ते एकदा लिहूनच टाकते. मैदानाच्या कोपऱ्यात हातात झेंडा घेऊन उभं राहायचं. चेंडू रेषेच्या आत पडला की झेंडा खाली, बाहेर पडला की वर. झालं, संपलं काम. एवढ्यासाठी आमच्या बाईसाहेबांनी हॉस्पिटलच्या लॅबमधली कायमची नोकरी सोडली. मी चार ठिकाणी शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी.

तेव्हा मी जे म्हणाले ते आजही म्हणेन. खेळणाऱ्याला टाळ्या मिळतात, शिट्टीवाल्याला मान मिळतो. कोपऱ्यातल्या खांबाकडे कोण बघतं?

त्यावर तिनं बॅग भरली. दारातून म्हणाली, "तू नको बघूस."

नाही बघितलं. दोन वर्षं होतील आता. फोन नाही, काही नाही. आईचा एक शब्द सोसवत नाही आणि भरलेल्या स्टेडियमच्या शिव्या खायला निघाल्या!

७ फेब्रुवारी, शनिवार

नणंदेचा फोन. "वहिनी, फायनलला तुम्ही दोघं आमच्याकडेच या. आमचा टीव्ही भिंतभर आहे. खेळाडूंच्या कपाळावरचा घाम मोजून घ्या."

मला कुणाचा घाम मोजायचा नाही, असं म्हणणार होते. "बघू," म्हटलं.

जाणार नाही. त्या बाईला टीव्ही बघायचाच नसतो. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बसेल, वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं का ते बघायला. मग सगळ्या नात्यागोत्यात फोन फिरतील, "शेवटी आईच ती." माझं तोंड म्हणजे काही तिचा चॅनल नाही. तिच्याकडे जाऊन बघण्यापेक्षा न बघितलेलं परवडलं. म्हणजे ह्यांनी न बघितलेलं.

तेव्हा काय ते याच घरात, याच टीव्हीवर, बावीसच्या आत झालं पाहिजे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नवा एचडी बॉक्स आला. बसवायला आलेल्या माणसानं टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि तिथूनच हसला. "आजी, याला एचडीएमआयचं भोकच नाही."

आजी! स्वतःच्या डोक्यावर केस नाहीत, आणि मला आजी.

प्रकार असा, की नव्या बॉक्समधून एकच चपट्या तोंडाची वायर निघते आणि आमच्या टीव्हीला तीन गोल भोकं आहेत, पिवळं, पांढरं आणि लाल. पिवळ्यातून चित्र, बाकी दोन्हींतून आवाज. इतकी वर्षं तीन भोकांत संसार सुखाचा चालला होता. आता म्हणे सगळं एकातूनच जातं. मग जाऊ दे ना, आम्हाला कशाला छळता! "नवा टीव्ही घ्या" असा फुकटचा सल्ला देऊन गृहस्थ निघून गेले.

संध्याकाळी हे गॅलरीत दार लोटून फोनवर बोलत होते. आत येऊन गंभीरपणे म्हणाले, "आपल्याला कन्व्हर्टर लागेल. एचडीएमआय टू एव्ही. पण उलटा आणायचा नाही बरं का. एव्ही टू एचडीएमआय पण मिळतो, दिसायला अगदी तसाच, पण तो आपल्या कामाचा नाही."

मी बघतच राहिले. रिमोटचे सेल उलटे घालणारा हा माणूस!

"कुणी शिकवलं हे?"

"दुकानदाराचा फोन होता."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कन्व्हर्टर म्हणजे काडेपेटीएवढी पांढरी डबी. एका बाजूनं बॉक्सची चपटी वायर आत, दुसऱ्या बाजूनं तीन रंगांच्या वायरी बाहेर. लावलं सगळं. पडदा ढिम्म. तर त्या डबीला स्वतःची वेगळी वीज लागते! एवढासा जीव, पण त्याचा थाट वेगळा. मोबाइलचा चार्जर काढून तिच्या पायाशी वाहिला, तेव्हा कुठे डोळा उघडला.

आणि चित्र आलं ते काळं-पांढरं. वर सरकत जाणारं. एचडी म्हणे! माझ्या लहानपणी शेजाऱ्यांच्या घरी असंच दिसायचं, तेव्हा त्याला बिघाड म्हणत.

हे पुन्हा गॅलरीत. पाच-दहा मिनिटं हं, हं, बरं, बरं. मधेच हसले पण. मग आत आले, डबीच्या कडेला तांदळाएवढं बटण होतं, ते नखानं सरकवलं, आणि रंग आला. चित्र थांबलं. एक बाई बातम्या देत होती, तिची ओढणी हिरवी होती.

मला बरं वाटलं, पण दाखवलं नाही. दाखवलं की हे डोक्यावर बसतात.

त्या दुकानदाराला दुसरं गिऱ्हाईक नाही वाटतं. रोज संध्याकाळी फोन! आणि ह्यांना त्याच्याशी बोलून एवढं हसू कसलं येतं?

१४ फेब्रुवारी, शनिवार

पिवळी पिन सैल निघाली, म्हणून वायर बदलायला आम्ही दोघं दुकानात. म्हटलं या सद्गृहस्थाला एकदा बघावं तरी. तर तो ह्यांच्याकडे बघून म्हणतो, "बोला काका, काय हवंय?" ओळखच नाही!

मी म्हटलं, "अहो, रोज फोनवर गप्पा मारता ना यांच्याशी?"

"मी?" म्हणाला. ह्यांनी एकदम पंख्याचे भाव विचारायला सुरुवात केली. आमच्या घरात पंखे आहेत.

रोज बोलणाऱ्या माणसाचं तोंड लक्षात नाही, असला विसरभोळा दुकान कसं चालवतो देव जाणे. पण वायर चांगली दिली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांचा खोकला जाईना म्हणून छातीचा फोटो काढायला माझ्याच जुन्या विभागात गेलो. मशीन नवीन, खुर्च्या नवीन, अक्कल तीच. माझ्या जागी आलेल्या बाईनं फोटो काढून पडद्यावर दाखवला तर उजव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा गायब. "बाकी छान आलंय," म्हणाली.

बाकी छान! छातीत पाणी साठतं ते आधी कोपऱ्यातच साठतं. मधलं फुप्फुस बघून काय आरती ओवाळायची? माझ्या सगळ्या नोकरीत कोपरे कापलेला फोटो मी कधी डॉक्टरांपुढे जाऊ दिला नाही. पुन्हा काढायला लावला. ह्यांनी दुसऱ्यांदा श्वास रोखून माझ्याकडे रागानं बघितलं.

छाती साफ आहे. नुसता घसा आहे. इतका वेळ फोनवर बोलल्यावर दुसरं काय होणार?

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज नवी कटकट. रंग आहे, आवाज आहे, पण सगळी माणसं उभी ताणलेली. चेहरे लांबुडके, चेंडू अंड्यासारखा, मैदानात जणू दुष्काळ पडलाय. नवं चित्र रुंद असतं, आमची काच चौकोनी, म्हणून ते दोन्ही बाजूंनी दाबून कोंबतात. मला असलं चालत नाही. हाड जसं आहे तसं दिसलं पाहिजे.

बॉक्सच्या मेनूत आणखी दोन प्रकार सापडले. एकात चित्र मापात येतं, पण वर आणि खाली काळ्या पट्ट्या. मधे पट्टीएवढं चित्र, जसं दाराच्या फटीतून शेजारच्यांकडे डोकवावं. अर्धी काच वाया! दुसऱ्यात पूर्ण काच भरते आणि माणसंही माणसांसारखी दिसतात. ही खरी सोय. तीच ठेवली.

हे हळूच म्हणाले, "पट्ट्या बऱ्या असतात म्हणे."

"कोण म्हणे?"

"दुकानदार."

"त्याला तुमचं तोंड आठवत नाही, आणि तो मला पट्ट्या शिकवणार? हा टीव्ही मी घेतलाय, काच पूर्ण भरली पाहिजे."

रिमोट मी माझ्या कपाटात ठेवला. ह्यांच्या हाताला लागला तर पुन्हा सगळं काळं-पांढरं करून ठेवतील.

२१ फेब्रुवारी, शनिवार

टीव्हीची काच पुसली. धूळ होती. कपाटही पुसलं. खुर्च्या थोड्या पुढे घेतल्या, कारण ह्यांचा चष्मा जुना आहे.

नणंदेला सांगितलं, आम्ही येत नाही, ह्यांना खोकला आहे. "अगं बाई, फोटो साफ आला ना?" म्हणाली. तिला हे लगेच कसं कळतं! या घरात माझ्याखेरीज सगळे सगळ्यांशी बोलत असतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

सामना दुपारी सुरू झाला. चित्र झकास. जाळं, खेळाडू, शिट्टीवाला उंच खुर्चीवर, सगळं काचभर. सुरुवातीला पंचांची ओळख करून देतात, म्हटलं तेव्हा दिसेल. तेव्हा जाहिरात लावली नालायकांनी.

मग खेळ. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी मैदान सगळं धुंडाळलं. कॅमेरा बाजूनं, उंचावरून. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. प्रत्येक वेळी चेंडू कोपऱ्याकडे गेला की काचेच्या कडेला एक लाल टोक यायचं आणि जायचं. झेंड्याचं टोक. नुसतं टोक! त्याच्यामागे हात नाही, माणूस नाही.

"कुठाय ती?" मी विचारलं.

"आहे," हे म्हणाले.

"कुठे आहे? दिसत तर नाही."

"डाव्या कोपऱ्यात आहे. आपल्या काचेच्या बाहेर." आणि मग हा मवाळ माणूस माझ्यावर ओरडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा. "कडा कापल्यात तू! काच भरायला कडा कापल्यात! ती म्हणालीच होती, पट्ट्या लावा म्हणून!"

"ती कोण?"

ह्यांनी कपाटाकडे बोट केलं. तेव्हा भांडायला वेळ नव्हता. मी कपाटाकडे धावले. साड्या खाली पडल्या, रिमोट घेतला, मेनू काढला. अंगठा भलत्याच बटणावर पडत होता. इतक्या लोकांची हाडं मी न हलता टिपली, आणि एक बटण दाबता येईना.

पहिल्यांदा ते दाबलेलं चित्र आलं. आणि डाव्या कोपऱ्यात ती होती. पांढरा शर्ट, निळी पँट, हातात लाल झेंडा. गाल बसलेले, मान काडीसारखी, दंडाची तर नुसती काठी.

"अहो, किती वाळलीय ही! खात नाही का काही? कुणी बघायला नाही का हिच्याकडे?" मी मोठ्यानं म्हणाले. ऐकू गेलं असेल खालच्या मजल्यापर्यंत. गेलं तर गेलं.

"अगं, मशीननं दाबलंय, पुढचं बटण दाब!"

दाबलं. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि मधल्या फटीत ती मापात उभी राहिली. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. पण सबंध. पायापासून केसांपर्यंत. मी खुर्ची सोडली आणि टीव्हीसमोर जमिनीवर बसले, नाक काचेला लागेल इतकी जवळ.

त्यानंतर सामना मी बघितला नाही. ज्याला बघायचा त्यानं बघावा. मी कोपरा बघितला. चेंडू कुठेही असो, ती रेषेकडे बघत होती. पाय फाकवून, गुडघे जरासे वाकवून, डोळे खाली. कंटाळा नाही, इकडेतिकडे नाही. मी फोटो घेताना अशीच उभी राहायचे, असं हे म्हणाले. मी कशी उभी राहायचे ते मला कुठून दिसणार!

शेवटच्या सेटला दोन्ही संघ बरोबरीला आलेले. एका दांडग्या पोरीनं चेंडू असा हाणला, की तो थेट तिच्याच कोपऱ्यात. झेंडा सपकन खाली. आत! आणि कल्ला झाला. पलीकडचा संघ सगळा तिच्या अंगावर धावून आला. त्यांचा कोच हातवारे करत होता, बाहेर, बाहेर. सबंध स्टेडियम बोंबलत होतं. शिट्टीवाल्यानं खुर्चीवरून तिच्याकडे बघितलं. सगळ्या जगानं तिच्याकडे बघितलं. ती हलली नाही. झेंडा खाली तो खाली. हात सरळ, ताणलेला.

मग तो क्षण सावकाश करून दाखवला. दोनदा दाखवला. एचडी, एचडी म्हणून जे डोकं खाल्लं ते यासाठीच असतं म्हणे, चेंडूनं रेषा चाटली की नाही ते कळावं म्हणून. आमच्या टीव्हीवर त्या एवढ्याशा फटीत मला ना चेंडू धड दिसला, ना रेषा.

"आत होता का गं?" ह्यांनी विचारलं.

"आत होता म्हणजे काय! तिनं सांगितलं ना आत."

शिट्टीवाल्यानंही तेच सांगितलं. पॉइंट दिला. पुढे कोण जिंकलं ते ह्यांना विचारावं लागलं. मला काचेत काही दिसत नव्हतं. आत्ता लिहितानाही अक्षर नीट येत नाही, ते पेन खराब आहे म्हणून नाही. मला माझी मुलगी दिसली. दोन वर्षांनी दिसली, आणि अर्धा वेळ मीच तिला काचेबाहेर ठेवलं होतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नणंद आली होती. दारातूनच टीव्हीकडे बोट. "अहो वहिनी, हे काय? अर्धा टीव्ही काळाच! थांबा, मी भरून देते, एक बटण दाबलं की होतं."

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं.

"पण दिसतं का काही त्या फटीत?"

"कोपरे दिसतात."

तिला काही कळलं नाही. तिच्या भिंतभर टीव्हीवर तिला सगळंच दिसतं, तिला कशाला कळेल? चहा पिऊन गेली. चहात साखर कमी आहे म्हणाली. तिला ती नेहमीच कमी वाटते.

ती गेल्यावर ह्यांचा फोन वाजला. हे उठून गॅलरीकडे निघाले.

"कोण आहे?"

"दुकानदार," म्हणाले. बिचाऱ्याला अजूनही धड खोटं बोलता येत नाही. कान लाल झाले होते.

मी हात पुढे केला. "द्या इकडे. मला बोलायचंय त्याच्याशी."

ह्यांनी फोन असा दिला, जसं कुणाचं तान्हं पोर देतात. मी कानाला लावला. पलीकडे कुठल्या तरी हॉलमध्ये चेंडू आपटत होते.

"हे बघा दुकानदार," मी म्हटलं, "तुमच्या त्या डबीचं काम बरं आहे. पण चित्रातली माणसं फार वाळलेली दिसतात. पट्ट्या लावल्या तरी वाळलेलीच दिसतात. मशीनचा दोष नाही तो, मी बघितलंय नीट. आणि अजून एक वायर कमी आहे. ती फोनवर सांगून बसायची नाही. स्वतः घरी येऊन बसवून द्यायची."

पलीकडे चेंडूंचा आवाज होत राहिला. नाक ओढल्याचा आवाज आला. ही सवय तिची लहानपणापासूनची, रुमाल म्हणून कधी जवळ ठेवायची नाही.

"कुठली वायर, आई?"

"आलीस की सांगते," म्हटलं. "आणि येताना जेवून येऊ नकोस."